ओट्याचं माप

"वेल्डिंगचा एक टाका नाही!" शेवटचा बोल्ट आवळत ताडमाड दिगंबरराव म्हणाले. "सगळं भोकांच्या लोखंडी अँगलवर बसवलंय. नको झालं, की दहा मिनिटांत सुटं!"

निवृत्तीनंतर नवरा-बायको दोघांनी महिनाभर किनाऱ्याने भटकायचं ठरलं होतं. त्यासाठी तीन महिने खपून दिगंबररावांनी जुन्या व्हॅनमध्ये पलंग बसवला होता, आणि मागचं दार उघडलं की समोरच स्वयंपाकाचा चिमुकला ओटा.

"ओटा बघ, अगदी तुझ्या कंबरेच्या मापाचा. तुला वाकायला नको!"

सुलभाताई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात ज्यांना घरातला मिठाचा डबा सापडला नव्हता, त्यांनी हे माप मात्र चोख घेतलं होतं. सुलभाताईंनी कौतुकाने मान डोलावली आणि हात पुढे केला.

"पाना द्या बघू."

"का गं, हलतोय का?"

"तुम्ही फक्त फळी धरा."

सुलभाताईंनी चारही बोल्ट काढले, फळी चार भोकं वर घ्यायला लावली आणि बोल्ट पुन्हा आवळले. दहा मिनिटंही लागली नाहीत. आता ओटा त्यांच्या छातीशी आला होता, आणि दिगंबररावांच्या बरोबर कंबरेशी.

"अगं, ही तर माझी उंची झाली!"

"मग? तुम्हाला वाकायला नको."

सुलभाताई पलंगावर ऐसपैस मांडी घालून बसल्या.

"टाका आता चहा. एवढी मापं घेतलीत, तर माझ्या साखरेचंही ठाऊक असेलच!"