देचम्मासाठी दोन बार

उत्तय्याने रॉकेलात भिजवलेलं फडकं गजाला गुंडाळलं आणि रायफलीच्या नळीत घातलं. आठ दिवस हेच चाललं होतं. आधी फडकं विटकरी निघायचं, आता नुसतं मळकट निघत होतं. ही आजोबांची एकनळी रायफल. चाळीस वर्षं ती भिंतीवरच होती. वर्षातून एकदा, शस्त्रपूजेला, खाली उतरायची, हार-गंध घ्यायची आणि पुन्हा खुंटीवर जायची. देव मानलं की कुणी आत डोकावून बघत नाही. आतून ती पार गंजली होती.

ओसरीवरच्या खाटेवरून त्याची बायको देचम्मा बघत होती. तिच्यात आता डोळे आणि जीभ एवढंच उरलं होतं.

"एवढी चाकरी माझी केली असती तर मी कधीच उठून बसले असते."

"घरचीच बंदूक हवी, असं तूच म्हणालीस ना?"

"म्हणालेच. शेजाऱ्याच्या बंदुकीने मला पोचवू नका. मुलगा झाला की एक बार, माणूस गेलं की दोन. पन्नास वर्षांत या घराने माझ्यासाठी तो एक बार काही काढला नाही. आता हे दोन तरी माझ्या हक्काचे आहेत."

उत्तय्या मान खाली घालून फडकं ओढत राहिला. कोडगूत घरोघरी फोन आले, पण जन्म-मरणाची बातमी दरीत अजून बंदूकच सांगते. ऐकणारे हातातलं काम थांबवून मोजतात.

घोडा चालत होता, दस्ता तेल पिऊन काळाभोर झाला होता. अडचण एकाच गोष्टीची होती. बार झाल्यावर रिकामी पुंगळी बाहेर ओढणारी आकडी झिजून गेली होती. विराजपेटच्या मिस्त्रीने हात जोडले, असला भाग आता मिळत नाही म्हणाला. मग उत्तय्याने जुन्या कोयत्याच्या पात्यातून, कानशीने घासून, स्वतःच एक बनवली. रायफलीला बसणारी काडतुसं मात्र दोनच उरली होती, त्यामुळे बार काढून बघायची सोय नव्हती.

"काका, माझी दुनळी आणतो," शेजारचा बिद्दप्पा रोज म्हणायचा. "दोन चाप, दोन बार, काम फत्ते. काकीला कळणार आहे का?"

"तुझी दुनळी तुझ्या आईसाठी ठेव."

"आई? ती तुम्हाला-मला पोचवून मग निघेल."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी देचम्माने पेज मागितली. दोन घोट घेतले. तिसरा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला. उत्तय्याने तो पुसला, पुन्हा चमचा पुढे केला, आणि मग त्याला समजलं.

त्याने तिचे डोळे मिटले, दिवा लावला आणि अंगणात जाऊन नळी आभाळाकडे धरली.

बार असा दणकून निघाला की कॉफीच्या मळ्यातले सगळे कावळे उठले. त्या दुःखातही त्याला क्षणभर अभिमान वाटला. त्याने खटका मागे ओढला. कोयत्याच्या पात्याची आकडी तुटून पायाशी पडली. पुंगळी आतच राहिली.

त्याने गज घालून ठोकलं. रॉकेल ओतलं. बोटं रक्ताळली. दुसरं काडतूस मुठीत तसंच होतं. समोरच्या टेकडीवर कुणीतरी लाकडं फोडायची थांबवली होती. थोड्या वेळाने कुऱ्हाडीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

उत्तय्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. जन्मात तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि हट्टाने त्याने तीही घालवली होती.

फाटकाशी काठी वाजली. बिद्दप्पाची आई, नव्वदीची बोळ्ळव्वा, एकटीच चढ चढून आली होती. अर्ध्या दरीची बाळंतपणं तिने केली होती. हल्ली तिला सकाळी आपण जेवलो की नाही हे आठवत नसे, पण कुठल्या घरची बंदूक वाजली हे ती अजून आवाजावरून सांगायची. तिच्या हातात एरंडाच्या देठाचं इवलंसं धनुष्य होतं. मुलगा जन्मला की पहिल्याने त्याच्या हातात देतात ते.

"उत्तू, मेल्या, आधी कळवायचं नाही? एकच बार! नीट मोजला मी. देचूला मुलगा झाला ना?"

उत्तय्याने डोळे पुसले.

ती त्याला ओलांडून ओसरीवर गेली. देचम्माकडे बघितलं. कपाळावरचे केस मागे सारले. मग एकेक बोट वाकवून धनुष्य तिच्या मुठीत दिलं.

"दमलीय पोर. किती वाट बघितली बिचारीने. झोपू दे, उठवू नकोस."

आणि खाटेशी बसून ती देचम्माचे पाय चोळू लागली.

आईला शोधत बिद्दप्पा धावत आला. खांद्यावर दुनळी होती. त्याने खाट बघितली, चपला काढल्या. पायरीवरची उघडी रायफल बघितली. त्याने आपल्या बंदुकीत दोन काडतुसं भरली.

"काका, मी काढतो. लोकांना उलटंच कळलंय. तिकडे हसताहेत सगळे."

उत्तय्याने नळीवर हात ठेवून ती हळूच खाली केली. ओसरीवर म्हातारी अजून पाय चोळत होती.

"काढ," तो म्हणाला. "पण थोड्या वेळाने. अजून थोडा वेळ एकच राहू दे."