बिनपुढाऱ्यांचा संप

“आपल्यात पुढारी नको,” छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, आणि सगळ्यांनी इस्त्रीवालीकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तिच्या पिशवीत एखादा पुढारी सापडला होता.

अराजकवाद्यांची बैठक होती. कुणी वरचढ ठरू नये म्हणून सगळे सतरंजीवर गोल करून बसले होते. अध्यक्ष नसल्यामुळे प्रत्येक जण अध्यक्षासारखा बोलत होता. धुलाई कारखान्यातल्या बायकांचा संप इस्त्रीवालीनंच उभा केला होता. मागणी एकच: पोटुशी बाईला कामावरून काढायचं नाही. तिला स्वतःलाही दिवस गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाशी बोलणी होती आणि बोलायला तिनंच जायचं, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं.

“बायका तिच्या तोंडाकडे बघायला लागल्यात,” जुळारी कळवळून म्हणाला. “सत्ता इथूनच सुरू होते, सोबत्यांनो!” तो कित्येक वर्षं तिच्याबरोबर तिच्याच घरात राहत होता, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन आलं.

“मग मालकाकडे जाणार कोण? वारा?” कपडे धुणाऱ्या मावशीनं विचारलं.

“सगळेच जाऊ!” जुळारी म्हणाला.

टाळ्या पडल्या. मंडळाची रीत अशी, की एकानं जरी नकार दिला तरी ठराव बारगळायचा. इस्त्रीवालीनं तोंड उघडलंही. पण स्वतःसाठी नकार देणं हा सत्तेचा मोह, असं जुळाऱ्यानं तिला आदल्या दिवशीच पटवून ठेवलं होतं. तिनं तोंड मिटलं.

सकाळी बायका कारखान्याच्या फाटकाशी जमल्या.

“आता कशाला आलात?” पहारेकरी म्हणाला. “बोलणी आटोपली की.”

तेवढ्यात आतून जुळारी आला. हसत होता. भट्टीवरच्या पुरुषांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली होती. पोटुश्या बायकांचं पुढं बघू, असं ठरलं होतं. संप मिटला होता.

“अरे मेल्या!” मावशी ओरडली.

इस्त्रीवालीचा आवाज मात्र चढला नाही. “पुढारी होऊन गेलास?”

“छे गं! तत्त्व म्हणजे तत्त्व.” तो खरंच दुखावला. “मालकानं विचारलं, त्या बाईचे तुम्ही कोण? म्हटलं, नवरा. लगेच बसा म्हणाला.”

इतक्या वर्षांत त्यानं तिच्याशी लग्न तेवढं केलं नव्हतं. लग्न म्हणजे बाईवरची मालकी, असं त्याचं ठाम मत होतं.