तुतारीने विचारलेला प्रश्न

"इथे काय शाई संपली का, महाराज?" वाद्यवृंदाचा संचालक कॉर्नेल स्वरलिपीतल्या कोऱ्या जागेवर बोट आपटत म्हणाला. "तुतारी वाजते आणि मग सगळे गप्प? लोक उठून घरी जातील!"

"गप्पच राहायचं," ती रचना लिहिणारा ब्लाझेय म्हणाला. "उत्तर येईपर्यंत."

सभागृह भरत आलं होतं. वाद घालायला वेळ नव्हता. कॉर्नेलने कपाळाला हात लावला.

पोल्याना डोंगराखालच्या खोऱ्यात पोरी गवत कापता कापता लांब सुरात गातात आणि समोरच्या उतारावरून उत्तर येतं. लग्नाची मागणीही तशीच. पोराने गाऊन विचारायचं. पोरगी उलट गायली तर होकार, मुकाट्याने विळा चालवत राहिली तर नकार. हेदविगावर ब्लाझेयचा जीव जडला तो त्याच कुरणात. पण बिचाऱ्याचा गळा म्हणजे फुटका माठ. तीन उन्हाळे तो समोरच्या उतारावर उभा राहून नुसतं तोंड उघडायचा आणि मिटायचा. शेवटी त्याने अख्खं खोरंच संगीतात मांडलं. ओढा, दवाने भिजलेलं गवत, दुपारचा वारा, आणि मधोमध आपली मागणी, तुतारीच्या तोंडून.

हेदविगा आली होती. गावच्या बायकांसोबत वर सज्जात बसली होती.

ओढा वाहिला. गवत डोललं. लोक भान हरपून ऐकत होते. मग तुतारीने विचारलं, आणि सगळं थांबलं.

कुणी खोकलं. कुणी हसू दाबलं. सज्जातून अवाक्षर आलं नाही. पहिल्या रांगेत बसलेला ब्लाझेय पांढराफटक पडला. कॉर्नेलने पुढचं सुरू करायला छडी उचलली.

तेवढ्यात हेदविगा उठली आणि कठड्यावरून ओणवी होत ओरडली, "मला काय तुतारीशी लग्न करायचंय? विचारायचं तर स्वतःच्या गळ्याने विचार की!"

सभागृहात हशा पिकला. ब्लाझेय सरळ खुर्चीवर चढला, डोळे मिटले आणि गाऊ लागला. सूर घसरला. आवाज चिरकला. शेजारच्या बाईंनी कानांवर हात ठेवले. तो थांबला नाही. आपल्या आवाजाची त्याला आज पहिल्यांदाच लाज वाटत नव्हती.

त्याची ओळ संपेपर्यंतही हेदविगाला दम निघाला नाही. ती मधूनच उलट गायला लागली.