दुपारची घंटा

"घंटा ऐकल्याबिगर मला उचलू देऊ नको, पोरी," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांच्या हातावर हात ठेवून 'व्हय' म्हटलं होतं.

महादेवाची दुपारची घंटा कानी पडल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असा त्यांचा नेम. लढाईच्या साली वसमतला आमच्या घरामागं कापसातली सरकी काढायची जीन सुरू झाली. तिच्या घरघरीत घंटा बुडाली.

"आत्याबाई, वाजली मघाच. जेवा."

"तुझ्या कानांनी माझा नेम फिटतो व्हय गं?"

त्या दूधपाण्यावर राहिल्या, वाळत गेल्या. पुढं कापूस सरला, जीन बंद झाली. गावाला हायसं वाटलं. आत्याबाई मात्र कान दाबून म्हणायच्या, "ही मेली थांबत काहून न्हाई?"

आज सकाळी त्या गेल्या.

दुपारी तिरडी बांधून झाली, तेवढ्यात देवळात घंटा झाली. घरभर घुमली. सगळ्यांनी हात जोडले.

त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवायला मी वाकले. त्यांच्या गार कानातून जीनची घरघर येत होती.

"चला, उचला आता," संतराम भावजी म्हणाले.

मी पदर सावरला आणि उंबऱ्यावर जाऊन आडवी बसले.