जबाबाची नक्कल

"दावा नंबर?" कोर्टाच्या खिडकीतल्या कारकूनबाईंनी मान वर न करताच विचारलं.

कंडक्टरांनी शेजारी उभ्या असलेल्या घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी खिशातून चौकोनी घडी काढली, उलगडली आणि खिडकीतून आत सरकवली. नंबर, साल, निकालाची तारीख, सगळं नीट लिहिलेलं होतं.

"काका, मागच्या दोन्ही खेपांना तुम्हाला सालसुद्धा सांगता येत नव्हतं," बाई कंडक्टरांना म्हणाल्या. "आज एकदम नंबर?"

"आज माहितगार माणूसच घेऊन आलोय. हे तिचे पहिले. मी दुसरा."

आता मात्र बाईंनी मान वर केली आणि चष्म्यावरून दोघांना पाहून घेतलं.

कंडक्टरांची बायको जाऊन चार महिने झाले होते. कंडक्टरांनी तिच्याबरोबर चौतीस वर्षं संसार केला होता. पण ती जिथे नर्स होती त्या इस्पितळाच्या जुन्या नोंदवहीत तिच्या नावापुढे पहिल्याच नवऱ्याचं नाव होतं. घटस्फोटाच्या निकालाची नक्कल आणा, तोवर वारसाच्या रकान्यात तुमचं नाव लागणार नाही, असं तिथल्या कचेरीने सांगितलं. पहिल्या लग्नाबद्दल ती एकदाच बोलली होती. एक घड्याळजी होता, माणूस वाईट नव्हता, एवढंच. कंडक्टरांनी पुन्हा कधी विचारलं नव्हतं. शेवटी घड्याळांची दुकानं पालथी घालत चौथ्या दुकानात त्यांनी माणूस गाठला. घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यावरचं भिंग काढलं आणि म्हणाले, "कधी जायचं?" आज घरून निघताना त्यांच्या बायकोने डबा दिला होता, दोघांना पुरेल असा.

फाईल सापडेपर्यंत दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. डबा संपला. कंडक्टरांचे एसटीतले तीन किस्सेही संपले.

"तुम्ही बोलता का हो कधी?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक असलं की," घड्याळजी म्हणाले.

तासाभराने बाईंनी दोघांना आत बोलावलं आणि टेबलाजवळच्या बाकावर बसवलं. फाईल मिळाली होती. निकालाची झेरॉक्स निघाली होती, पण निकालाला तिचा हाताने लिहिलेला जबाब जोडलेला होता आणि त्याची शाई अगदी फिकट पडली होती. मशीनमधून नुसता कोरा कागद बाहेर येत होता.

"टाइप करून द्यावा लागेल," बाई म्हणाल्या. "पण हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय? वाचता आलं नाही तर अर्ज परत जाईल. मग साहेबांची परवानगी, मग नवी तारीख. पुढचं काही माझ्या हातात नाही."

कंडक्टरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "मला तिचं अक्षर कधी लागलंच नाही हो. किराण्याची यादीसुद्धा दुकानदाराला वाचायला लावायचो."

"द्या इकडे," घड्याळजी म्हणाले.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि कागदावर वाकले. मग एका सुरात वाचू लागले. बाईंची बोटं चालू झाली.

"'माझी माझ्या नवऱ्याविरुद्ध काही तक्रार नाही. ते निर्व्यसनी आहेत. त्यांनी कधी हात उगारला नाही. मला बरं नसलं की न सांगता भांडी घासतात.'"

"मग घटस्फोट कशाला?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

घड्याळजींनी मान वर केली नाही. बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"'पण आमच्या घरात कोणी हसत नाही. तीन वर्षं झाली. आता मलाही हसू येईनासं झालंय. त्याची मला भीती वाटते. बाकी त्यांची काही चूक नाही.'"

बोटं थांबली. "पुढे?"

"पुढे सही आहे."

घड्याळजींनी भिंग काढून रुमालाने पुसलं. "तेव्हा वकील म्हणाला, इथे सही करा. मी केली. हे वाचलं नव्हतं."

बाई उगीचच कागदाच्या कडा जुळवत बसल्या.

"हसायची का हो ती?" घड्याळजींनी विचारलं. "नंतर?"

जरा कमी करून सांगावं, असं कंडक्टरांच्या मनात आलं. पण समोरचा माणूस एवढ्या आशेने बघत होता की त्यांनी खरं तेच सांगितलं.

"शेजारी भिंत ठोकायचे."

घड्याळजींनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "कशाला हसायची?"

"कशाला म्हणजे... एकदा काय झालं," कंडक्टर सावरून बसले. "मी दमून घरी आलो. हिने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. मी आपला सवयीने ओरडलो, 'पुढे चला, पुढे चला, मागे जागा नाही!' तर ही..."

घड्याळजी बाकावर त्यांच्याकडे वळून बसले. बाईंनी शिक्का शाईत बुडवला होता. तो तसाच हातात धरून त्याही ऐकत राहिल्या.