संच क्रमांक चार

फोटो दोनशे चौदा. त्यांतले चेहरे एक हजार तीनशे सहा. एकच माणूस निरनिराळ्या फोटोंत असतो. तसे चेहरे संगणकाने जुळवून दिल्यावर माणसं उरली एकशे सत्त्याऐंशी. नावं मिळाली एकशे त्र्याहत्तर जणांची. राहिली चौदा. सर्वांत जास्त वेळा दिसणारा चेहरा जिपार आपांचा होता, एकेचाळीस फोटोंत. सामुदायिक शेतावर दूध काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून वर्तमानपत्रवाले त्यांचेच फोटो काढायचे, असं गावात सगळे सांगत. हा संच लावणाऱ्या मेरिमने तशी नोंद केली होती. दुधाची बादली मात्र तीनच फोटोंत होती.

बंद पडलेल्या शाळेच्या कपाटात फिल्मचे हे डबे सापडले, त्याला दोन वर्षं झाली होती. दहा गावांचे असे दहा संच बिश्केकच्या विद्यापीठात जमा होत होते. ज्याने फोटो काढले त्याचं नाव संचाला द्यायचं, हा नियम. नाव कळलं नाही तर क्रमांक. नऊ संचांना नावं मिळाली होती. दर सोमवारी बैठकीत कोणीतरी मेरिमला विचारायचंच, “काय गं, तुझा चार नंबर अजून बेवारसच?” शुक्रवारी यादी बंद होणार होती. आज बुधवार होता, आणि गावात विचारायचं राहिलेलं एकच माणूस होतं. आपा वर्षभर धाकट्या मुलीकडे ओश शहरात होत्या. कालच परतल्या होत्या.

मेरिमने आपांसमोर लॅपटॉप उघडला. आपांनी चष्मा पुसला. सून तोल्गोनायने तळलेले बोर्सोक आणि साय पुढे केली.

“पहिला दाखव,” आपा म्हणाल्या.

पहिले तिघे शेजारी निघाले. आपांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. “हा बाझारकुल. बायकोला इतका भ्यायचा की घोड्यावरून उतरायच्या आधी खोकायचा. हा झुनुश. हा त्याचा मेव्हणा आकमात, फुकट्या.”

चौथ्यापाशी त्या थांबल्या. “हे लांब चाबूकवाले.”

मेरिमला कळलं. मुलगी ज्या घरची झाली, त्या घरच्या पुरुषांची नावं तिने तोंडावाटे काढायची नाहीत, नवऱ्याचंही नाही. आपल्या मनाने दुसरं काही नाव पाडायचं. मेरिमच्या आईने हे कधीच सोडलं होतं. आपांनी नव्हतं.

“थोरले चुलत सासरे, कासिमाली,” तोल्गोनायने भांडी विसळता विसळता सांगितलं. सासूने पाडलेली नावं तिला पाठ होती.

“माझ्या सुनेला लाज नाही,” आपा म्हणाल्या. “तिच्याकडून लिहून घे.”

“मला लाज असती तर आज तुमचं काम अडलं असतं, आपा.”

मग तसंच सुरू झालं. आपा म्हणायच्या ‘मधाचे पोळे’, तोल्गोनाय म्हणायची ईस्काक. आपा म्हणायच्या ‘मोठा आवाज’, तोल्गोनाय म्हणायची तुर्दुमामात. दहावा सासरचा माणूस फरची टोपी नाकापर्यंत ओढून उभा होता. आपा हसल्या. “हे आमचे. झोपेतसुद्धा टोपी काढायचे नाहीत.”

“मामंजी! शार्शेनबेक,” तोल्गोनाय म्हणाली. “टोपीचं म्हणालात म्हणून कळलं, चेहरा कुठे दिसतोय!”

तेरा झाले. मेरिमने चौदावा फोटो पडद्यावर आणला. गवताच्या गंजीपाशी उभा एक तरुण, गळ्यात कॅमेऱ्याचा रिकामा पट्टा. कॅमेरा कशावर तरी ठेवून, कळ दाबून धावत येऊन उभा राहिला असावा. एक पाय हललेला होता.

आपांनी पियाला खाली ठेवला.

“हा उजेड मोजणारा.”

मेरिमने तोल्गोनायकडे पाहिलं. तोल्गोनायने वाकून पडदा पाहिला आणि मान हलवली. “हे आपल्यातलं कोणी नाही.”

“नाहीच,” आपा म्हणाल्या. “जिल्ह्याहून यायचा. दोन उन्हाळे आला. हे सगळे फोटो त्यानेच काढलेत. तिसऱ्या उन्हाळ्यात तो आला नाही. मग मी या घरात आले.”

“आपा, नाव आठवतंय त्याचं?”

“सांगितलं ना.”

“ते नाही, खरं नाव. नाहीतर हे सगळं चार नंबर म्हणूनच राहील. कायमचं.”

“परका तर माणूस,” तोल्गोनाय म्हणाली. “घ्या की नाव. बाझारकुलचं नाही का घेतलंत?”

“तुझा चहा गार होतोय,” आपा सुनेला म्हणाल्या.

मेरिमला वाटलं, विसरल्या. शहाऐंशी वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. तिने रकान्यात ‘अज्ञात’ लिहायला घेतलं. आपा तिच्या बोटांकडे पाहत होत्या. शब्द अर्धाच उमटला होता.

“पेन्सिल आण,” आपा म्हणाल्या. “जिभेला बंदी आहे पोरी, हाताला नाही.”

वहीच्या मागच्या पानावर त्यांनी सावकाश लिहिलं. *मुकाश तुराएव.* मग वही उलटी करून मेरिमकडे सरकवली आणि त्या बोर्सोकवर साय घ्यायला लागल्या.

मेरिमने नाव संचाला दिलं. चौदा ओळी पुन्हा तपासल्या. नाव कोणी सांगितलं, या रकान्यात तिने तीन ठिकाणी ‘जिपार आपा, तोंडी’ लिहिलं, दहा ठिकाणी ‘सून’, एका ठिकाणी ‘जिपार आपा, लेखी’. शेवटी बेरजेची ओळ भरली.

अज्ञात: शून्य. आपांनी तोंडाने न घेतलेली नावं: अकरा. सासरची: दहा.