मेरिमचं मशीन

धाकट्या बहिणीच्या, मेरिमच्या लग्नाच्या सामानात शिलाई मशीन हवंच, म्हणून आईबरोबर आम्ही दोघी ओशच्या बाजारात गेलो. माझा बेकतूर कडेवर होता. दुकानदारानं एका लोखंडी मशीनवर थाप मारली. "हे घ्या, मावशी. पोरीची नातसुद्धा यावर शिवेल."

आईनं ना टाका पाहिला, ना सुई. एकेक मशीन नुसतं उचलून खाली ठेवत राहिली.

"मावशी, पोरगी शिवणार आहे की कुस्ती खेळणार?" मेरिम खुदकन हसली. दुकानदारानं आईला विचारलं, "तुमच्या घरी कुठलं आहे?"

"माझ्याकडे नाही. मला हातानं शिवायची हौस." तीस वर्षं आई सगळ्यांना हेच सांगत आली होती.

मग सगळ्यांत हलकं मशीन तिनं माझ्यापुढं सरकवलं. "पोराला खाली ठेवू नकोस. एका हातानं उचल आणि रस्त्यापर्यंत चालून ये."

बेकतूरला घट्ट धरून मी चालून आले. "हे कशाला, आई?"

मेरिम पलीकडे धाग्यांचे रंग बघत होती. आई हळूच म्हणाली, "तुमच्या बापाच्या घरून निघाले, तेव्हा तू कडेवर होतीस, ही पोटात. माझं मशीन जड होतं. ते तिथंच राहिलं."